बदललेल्या गाडीची हमी : दिलेल्या शब्दाचा इतिहास

तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्याची हयात गेली तो माणूस गाड्यांच्या वॉरंटीवर बोलणार, हे कळल्यावर दोन-तीन जुन्या विद्यार्थ्यांचे फोन आले. "सर, सगळं ठीक आहे ना?" सगळं ठीक आहे. हा विषय मी निवडला नाही, तो माझ्या हातात एका पावतीच्या रूपाने आला.

माझा नातू, म्हणजे मुलीचा मुलगा, इंजिनिअरिंगला आहे. त्याने २०० सीसीची मोटरसायकल घेतली. सहा महिन्यांत तिचा सायलेन्सर बदलला. मग एका कारागिराकडे जाऊन इंजिनाला पेट्रोल किती द्यायचं हे ठरवणारा जो छोटा संगणक असतो, त्यातला 'मॅप' बदलून घेतला. गाडी पळायला लागली, आवाजही करायला लागली. पुढे पावसाळ्यात दोन गोष्टी झाल्या. मीटरच्या काचेआड पाणी शिरलं आणि आकडे दिसेनासे झाले. आणि पंधरा दिवसांनी घाटात इंजिन तापून पिस्टन चिकटला. गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. तिथून जी पावती आली तिच्यावर दोन्ही तक्रारींवरून आडवा एकच शिक्का होता : 'वाहनात बदल केल्यामुळे वॉरंटी रद्द.'

आजोबा म्हणून मी तणतणत गेलो. व्यवस्थापक शांत होता. म्हणाला, "काका, गाडी आता आमची राहिलीच नाही." मी भांडायला तोंड उघडलं आणि मिटलं. कारण हे वाक्य मी तीस वर्षं वर्गात शिकवलं होतं. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात नागसेन भिक्षू राजा मिलिंदाला विचारतो, तू रथातून आलास ना? मग रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? एकेक भाग वेगळा काढला तर रथ कुठे उरतो? व्यवस्थापकाला नागसेन माहीत असण्याचं कारण नाही, पण प्रश्न तोच होता. किती भाग बदलले म्हणजे गाडी 'ती' राहत नाही? आणि गाडी 'ती' राहिली नाही, तर तिच्याबद्दल दिलेल्या शब्दाचं काय होतं?

आज मला एवढंच सांगायचं आहे, की 'बदल केला का?' हा प्रश्न आणि 'बिघाड त्या बदलामुळे झाला का?' हा प्रश्न, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. वॉरंटीचा सगळा इतिहास म्हणजे पहिल्या प्रश्नाकडून दुसऱ्याकडे झालेला प्रवास आहे. तो अजून पूर्ण झालेला नाही.

सुरुवात आपल्याकडूनच करू. विकत घेतलेल्या वस्तूची पारख करायला मुदत असावी, ही कल्पना काही परदेशातून आलेली नाही. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात अशा मुदतींची यादीच आहे. बियाण्याला दहा दिवस, लोखंडाला एक दिवस, रत्नांना सात, दुभत्या जनावराला तीन, आणि ओझं वाहणाऱ्या जनावराला पाच. (त्याच यादीत माणसंही आहेत, दास आणि दासी. त्या काळाची ती बाजूही झाकू नये.) ओझं वाहणारं जनावर म्हणजे त्या काळचं वाहनच. पाच दिवस जुंपून बघा, खोट निघाली तर परत करा. पण त्यात एक गोष्ट गृहीत आहे. विकणारा आणि घेणारा समोरासमोर आहेत, आणि बैल हा बैलच राहणार आहे. बैलाचा मॅप कोणी बदलत नाही.

आता इंग्रजी अमदानीतल्या कायद्याकडे येऊ. १९३०चा माल विक्री कायदा आजही लागू आहे. त्याच्या १२व्या कलमात 'शर्त' आणि 'वॉरंटी' यांत फरक केला आहे. शर्त म्हणजे कराराचा गाभा. ती मोडली तर माल परत करता येतो. वॉरंटी म्हणजे गाभ्याला जोडून दिलेलं वचन. ते मोडलं तर नुकसानभरपाई मागता येते, माल नाकारता येत नाही. आणि आपण दुकानात ज्याला बिनधास्त 'गॅरंटी' म्हणतो, तिचा कायद्यातला अर्थ तर तिसराच आहे. १८७२च्या करार कायद्यात गॅरंटी म्हणजे दुसऱ्याच्या वतीने जामीन राहणं. तेव्हा 'गॅरंटी-वॉरंटी एकच हो' असं म्हणणारा दुकानदार नकळत तीन गोष्टींची खिचडी करत असतो.

पण कारखाना आणि गिऱ्हाईक यांच्यातली आज आपण ओळखतो ती छापील वॉरंटी मोटारींच्या धंद्यात घडली, आणि ती घडली मुख्यतः अमेरिकेत. म्हणून थोडा वेळ तिकडे जाऊ.

मे १९५५. न्यू जर्सीत एका गृहस्थाने बायकोला 'मदर्स डे'ची भेट म्हणून प्लिमथ गाडी घेतली. गाडी ४६८ मैल चालली होती. बाई चालवत असताना स्टिअरिंग हातातून गरकन फिरलं आणि गाडी भिंतीवर गेली. कंपनीने करारपत्राच्या मागच्या बाजूचा बारीक मजकूर दाखवला. ९० दिवस किंवा ४००० मैल, त्यात खराब निघालेला भाग बदलून देऊ, बाकी जबाबदारी नाही. शिवाय गाडी नवऱ्याने घेतलेली, बाईंचा करार कुठे होता? १९६० साली न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने 'हेनिंगसेन विरुद्ध ब्लूमफिल्ड मोटर्स' या खटल्यात कंपनीचं म्हणणं फेटाळलं. बाजारात गाडी आणणारा ती चालवण्यालायक आहे असं सांगतच असतो, आणि हे सांगणं फक्त सही करणाऱ्यापुरतं नसतं, असा त्या निकालाचा आशय. ही गोष्ट लक्षात ठेवा. शब्द दिलेला असतो एकाला, पण त्याच्या भरवशावर दुसऱ्यांचेही जीव असतात.

यानंतर कंपन्यांना उमगलं, की वॉरंटी ही फक्त जबाबदारी टाळायची जागा नाही, ती जाहिरातही होऊ शकते. क्रायस्लरने १९६३च्या गाड्यांना इंजिन आणि चाकांपर्यंत ताकद पोचवणाऱ्या भागांसाठी पाच वर्षं किंवा ५०,००० मैलांची वॉरंटी दिली. कुठे ९० दिवस आणि कुठे पाच वर्षं! बाकीच्यांनाही मागे यावं लागलं.

आणि नेमक्या याच वेळी तिथे 'मसल कार'चं वेड आलं. मसल कार म्हणजे काय, तर साधारण आकाराच्या, परवडेल अशा गाडीत बसवलेलं अवाढव्य इंजिन. १९६४च्या पाँटियाक जीटीओपासून ही लाट धरतात. आता बघा कंपनीची गोची. एका हाताने पाच वर्षांची हमी द्यायची, आणि दुसऱ्या हाताने तरुण पोरांना शर्यतीचं इंजिन विकायचं. क्रायस्लरने १९६६ साली आपलं ४२६ घनइंची 'हेमी' इंजिन रस्त्यावरच्या गाड्यांत दिलं, तेव्हा त्याची वॉरंटी बारा महिने किंवा १२,००० मैलांवर आणली. १९६८ साली त्यांनी शर्यतीसाठी म्हणून काही डार्ट आणि बॅराकुडा गाड्या काढल्या, आणि त्यांवर सूचनाच चिकटवली : ही गाडी आहे तशी विकली आहे, नेहमीची कोणतीही वॉरंटी लागू नाही. म्हणजे वेग जसा वाढला, तसा कंपनीचा शब्द आखडत गेला. मला यात एक प्रामाणिकपणा दिसतो. 'हे आम्ही बनवलं, पण याच्यामागे आम्ही उभे नाही', असं त्यांनी विकण्याआधीच सांगितलं.

दुसरी वाट पेनसिल्व्हेनियातला डॉन येन्को नावाचा विक्रेता दाखवतो. शेवरलेच्या कॅमारो गाडीत कारखाना मोठं इंजिन बसवत नव्हता. येन्को १९६७मध्ये आपल्याच जागेत छोटं इंजिन काढून ४२७ घनइंची बसवू लागला. पण असं रोपण केलेलं इंजिन फुटलं तर कारखाना म्हणणार, आम्ही बसवलं नाही. मग १९६९ साली कंपनीकडे खास मागणी नोंदवायच्या एका अंतर्गत पद्धतीचा वापर करून त्याने तेच इंजिन कारखान्यातच बसवून घेतलं. इंजिन तेच, गाडी तीच. फरक एवढाच, की पाना कोणाच्या हातात होता. आणि त्या फरकाने जबाबदारीची जागा बदलली.

मग १९७५ उजाडलं. त्या वर्षीच्या ४ जानेवारीला राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी 'मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायद्या'वर सही केली. त्यात एक महत्त्वाचं कलम आहे. आमच्याच नावाचा सुटा भाग वापरला तरच वॉरंटी टिकेल, अशी अट कंपनीला घालता येत नाही. घालायची असेल तर तो भाग फुकट द्यावा लागतो, नाहीतर सरकारी आयोगाची खास सूट घ्यावी लागते. याचा व्यवहारातला अर्थ असा, की गाडीत बाहेरचा भाग दिसला एवढ्यावर सगळी वॉरंटी संपत नाही. त्या भागामुळेच बिघाड झाला, हे कंपनीला दाखवावं लागतं. पण म्हणून शर्यतीत फोडलेलं इंजिन कंपनीने भरून द्यावं, असं मात्र तो कायदा म्हणत नाही. तो फक्त एक 'कारण' मधे आणतो. आपल्या न्यायदर्शनाचा अभ्यास केलेल्या माणसाला याचा आनंद व्हावा. एक गोष्ट दुसरीच्या आधी घडली, एवढ्याने ती तिचं कारण ठरत नाही. कावळा बसला आणि फांदी मोडली, हे आपण लहानपणीच शिकलेले असतो.

यानंतर कंपन्या आणि गाड्या 'ट्यून' करणारे कारागीर यांच्यात समझोते होऊ लागले. १९८७ साली शेवरलेच्या विक्रेत्याकडे कॉर्व्हेट नोंदवताना एक सांकेतिक पर्याय निवडला, की गाडी रीव्हज कॅलवे यांच्या कार्यशाळेत जाऊन दोन टर्बो बसवून यायची. जर्मनीत आउफ्रेख्ट आणि मेल्खर या दोन अभियंत्यांनी १९६७ साली एएमजी काढली. मर्सिडीजच्या गाड्या घ्यायच्या आणि त्यांची ताकद वाढवायची, हा त्यांचा धंदा. १९७१ साली त्यांची भलीमोठी लाल गाडी बेल्जियममधल्या स्पा इथल्या चोवीस तासांच्या शर्यतीत दुसरी आली. तोवर हे बाहेरचे लोक होते. १९९०मध्ये मर्सिडीजने त्यांच्याशी सहकार्याचा करार केला आणि त्यांच्या गाड्या मर्सिडीजच्याच विक्री-दुरुस्तीच्या जाळ्यातून जाऊ लागल्या. २००५पर्यंत कंपनी पूर्णपणे त्यांनी घेतली. काल ज्या बदलाला कंपनी हात लावत नव्हती, तोच बदल आज कंपनीचा झाला. आणि तो आपल्या दारापर्यंत आला : नोव्हेंबर २०२०मध्ये भारतात जुळवलेली पहिली एएमजी बाजारात आली, ती चाकणच्या कारखान्यातून. कोथरूडपासून चाकण किती लांब? वाहतूक नसेल तर तासाभराचा रस्ता. आणि वाहतूक नसेल, हे फक्त तर्कशास्त्रात शक्य आहे.

तर आता घरी परत येऊ. आपल्याकडे हा प्रश्न उशिरा आला, कारण आपल्याकडे गाडीच उशिरा यायची. आकुर्डीची चेतक १९७२ साली आली, आणि पुढची कितीतरी वर्षं लोक नंबर लावून वाट बघत बसले. मी स्वतः बसलो आहे. इतक्या वर्षांनी हाती आलेल्या स्कूटरच्या वॉरंटीचा कागद कोण वाचतो? ती मिळाली हेच नशीब. बिघडली तर कोपऱ्यावरचा मिस्त्री होता आणि सुट्या भागांसाठी नाना पेठ होती. पुढे राजदूत ३५० आणि यामाहा आरएक्स १०० आल्या आणि टू-स्ट्रोक इंजिनांची 'पोर्टिंग' करणारे उस्ताद तयार झाले. सिलिंडरमधल्या खिडक्या कानस घेऊन रुंद करायच्या, हेड घासायचं. कागद नाही, पावती नाही. होता तो शब्द. "पळाली नाही तर पैसे परत."

या शब्दांच्या व्यवहाराला कायद्याचं पाठबळ मिळावं म्हणून जी चळवळ झाली, तीही पुण्याचीच. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली इथे ग्राहक पंचायत सुरू केली. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला. मग २०१९ साली नवा कायदा आला, तो जुलै २०२०पासून लागू आहे. या नव्या कायद्यात वस्तूमुळे इजा झाली तर जबाबदार कोण, यावर स्वतंत्र प्रकरण आहे. ८६वं कलम सांगतं, की विक्रेत्याने वस्तूत बदल केला आणि तो बदल इजेचं प्रमुख कारण असेल, तर विक्रेता जबाबदार. इथे 'कारण' आलं. पण पुढचंच ८७वं कलम म्हणतं, की इजा झाली तेव्हा वस्तूचा गैरवापर झालेला असेल किंवा तिच्यात बदल केलेला असेल, तर विक्रेत्यावर दावा लावता येणार नाही. इथे शब्दांत तरी 'कारण' नाही, नुसता 'बदल' आहे. एका पानावर दोन्ही प्रश्न शेजारी बसले आहेत. मी कायदेपंडित नाही, पण परीक्षक म्हणून त्या पानावर मी लाल पेनाने रेघ मारली असती.

आणि मागे कोण उभं आहे, हेही प्रत्येक वेळी तपासावं लागतं. गोव्यातल्या एका ग्राहकाने २०११ साली नवी म्हणून गाडी घेतली. ती निघाली २००९ची, आणि ६२२ किलोमीटर चाललेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. फेब्रुवारी २०२१मध्ये न्यायालयाने सांगितलं, की विक्रेत्याच्या अशा कृत्याला उत्पादक आपोआप जबाबदार ठरत नाही. त्याचा त्यात हात किंवा त्याला माहिती होती, हे दाखवावं लागेल. दारावरची पाटी एक असली, तरी शब्द देणारे दोन असतात.

आता आपल्या टेकडीकडे बघा. वेताळ टेकडीच्या ज्या भागाला आपण सकाळी फिरायला जातो, त्याला कोथरूडकर एआरएआयची टेकडी म्हणतात. ही संस्था १९६६ सालची. गाडीचा एखादा नवा प्रकार विकायला आणण्याआधी त्याचा नमुना अशा संस्थेत तपासला जातो : ब्रेक, धूर, आवाज. नमुना पास झाला, की त्या प्रकाराच्या हजारो गाड्या विकता येतात. न्यायदर्शनाच्या भाषेत सांगायचं तर टेकडीवर तपासली जाते ती जाती. तुमच्या पार्किंगमध्ये उभी आहे ती व्यक्ती. तुम्ही सायलेन्सर बदलला, की ती व्यक्ती त्या जातीतून बाहेर पडते. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम म्हणूनच नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम कडकपणे लावलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा मालकाला दर बदलामागे पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद सांगितली.

हे बरोबरच आहे. पौड रस्ता ओलांडणाऱ्या आजीबाईंनी कोणत्याही वॉरंटीवर सही केलेली नसते. कोणीतरी बदललेल्या ब्रेकवर त्यांचा जीव टांगलेला असतो. न्यू जर्सीतल्या त्या बाईंसारखाच.

पण मंडळी, इथेच गल्लत होते. सरकारची मान्यता जातीला असते, आणि ती बदलाने जाऊ शकते. कंपनीची वॉरंटी या एका गाडीला असते, तिच्या एकेका भागाला असते, आणि ती जायची तर कारणाने जावी. माझ्या पावतीवरच्या त्या एका शिक्क्याने ही दोन वचनं एकात मिसळली होती.

मी घरी आलो आणि दोन परिच्छेदांचं पत्र लिहिलं. पहिल्यात लिहिलं, इंजिनाची तक्रार आम्ही मागे घेतो. नव्या सायलेन्सरमुळे आणि बदललेल्या मॅपमुळे पेट्रोल कमी पडून इंजिन तापलं, हे आम्हाला मान्य आहे. हा परिच्छेद लिहिताना नातू माझ्यावर चिडला होता. दुसऱ्यात लिहिलं, सायलेन्सर बदलल्याने मीटरच्या काचेतून पाणी कसं शिरतं, ते कृपया लेखी कळवावं. लेखी काही आलं नाही. तीन आठवड्यांनी मीटर फुकट बदलून मिळाला.

इंजिनाचा खर्च मोठा होता. नातू मॅप बदलणाऱ्या कारागिराकडे गेला. त्याच्याकडे कागद नव्हता, पावती नव्हती. तो काही क्षण गप्प बसला. मग म्हणाला, "मॅप मी टाकला होता. घाटात तापणार, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. सामानाचे पैसे दे, मजुरी नको." मजुरी त्याने घेतली नाही. नातवाने कंपनीचा जुना सायलेन्सर परत बसवला. तो दंडाच्या भीतीने की आजोबांच्या, ते मी विचारलं नाही.

त्या कारागिराकडे मी नंतर मुद्दाम गेलो. त्याला म्हटलं, तुम्ही हे लिहून का देत नाही? मी अमुक बदललं, त्याने अमुक होऊ शकतं, एवढ्यापुरता मी जबाबदार. तो हसला. "काका, लिहून दिलं तर गिऱ्हाईक घाबरून पळेल." कदाचित खरं असेल. पण क्रायस्लरने १९६८ साली गाडीवर चिकटवलेली सूचना वाचूनही गिऱ्हाईक पळालं नव्हतं.

म्हणून तुमच्या घरातल्या मुला-नातवांना एवढंच सांगा. गाडीला हात लावण्याआधी विचारा : याच्यामागे उद्या कोण उभं राहील? कोणीच नसेल, तर ते तुम्हीच आहात, हे समजून मग ठरवा. आणि सर्व्हिस सेंटरमध्ये एखाद्या बंधूभगिनी बसल्या असतील, तर त्यांना माझी विनंती आहे. शिक्का मारा, पण तक्रारीगणिक वेगळा मारा, आणि त्याच्याखाली कारण लिहा.

थांबतो. प्रश्न असतील तर विचारा. फक्त कोणती गाडी घ्यावी, हे मला विचारू नका. मी अजून तीच चेतक चालवतो, आणि तिचे मूळ भाग किती उरले आहेत, हे नागसेनालाही सांगता येणार नाही.